मागचा दिवा

मागून येणारा दिवा पांढरा होता. सलिलच्या स्नोमोबाइलचा दिवा पिवळा. नेहमीसारखा रेंगाळला असणार! पण मग हा कोण?

मघाशी समोरून गेलेला काळ्या हेल्मेटवाला. इथल्या रीतीप्रमाणे ऋजुतानं त्याला एक बोट दाखवलं होतं: माझ्यामागे अजून एक गाडी येतेय. आता हा वळून माझ्याच मागे का लागलाय? कॅनडाच्या या ओसाड बर्फात ओरडून तरी कोण ऐकणार? तिनं वेग वाढवला. त्यानंही वाढवला.

फाट्यावर त्यानं तिला गाठलंच आणि गाडी आडवी घातली. तिनं खिशातली शिट्टी घट्ट धरली.

"तुम्ही एक बोट दाखवलंत," तो धापा टाकत इंग्रजीत म्हणाला. "त्या गाडीला जागा द्यायला मी बाजूला थांबलो. मागून कुणी आलंच नाही."

प्रत्येक वळणावर मागे बघायचं, हे ती साफ विसरली होती.

दोघं उलट फिरले. उताराखाली सलिल उलटलेल्या गाडीखाली पाय अडकून पडला होता. दोघांनी मिळून गाडी उचलली. पाय मोकळा होताच तो मराठीत कुजबुजला, "कोण गं हा? जपून हं, मला काही ठीक वाटत नाही."

"तू मागे नाहीस हे ज्याला कळलं," ऋजुता म्हणाली, "तो."