हरभऱ्याएवढी चांदी

नवे पैसे सुरू झाले, तरी मोलगीच्या बाजारात एक डोंगरातली बाई मिठासाठी हातातलं चांदीचं कडंच काढून द्यायची. मीठवाला लोटनशेट छिन्नीनं त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तोडून घ्यायचा. तिच्या टोपलीत चारोळी असायची, पण ती किडते म्हणून त्याला नको असे. अखजीचा सण गेला, पोळा आला, तरी कडं तेवढंच. खोट असेल म्हणून त्यानं ते दगडावर आपटून पाहिलं. नाद खरा निघाला. राहवेना, तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला. बाजाराच्या टोकाला सोनारानं चारोळी ओतून घेतली आणि कड्याला एक तुकडा जोडून दिला. तो तुकडा लोटननं ओळखला. गेल्या बाजारी त्यानंच सोनाराला विकलेला. “माय, चारोळी मालेच देत जाय,” तो म्हणाला. “चांदी कशाले फिरावस?” तिनं कडं पुन्हा मनगटात चढवलं. “मंग सोनार काय खाई, शेट?”