काडीवाला की बटणवाला

“आवाज मेलाय याचा,” कानवाल्यांनी काडीवाला फोन दुकानदारापुढे ठेवला. “विहिरीतून कुणी बोलावं तसा येतो.”

दुकानदाराने तो कानाला लावला, भावाला फोन करून इकडचं तिकडचं बोलला आणि ठेवला. “मला तर चांगला येतोय.”

“तुम्हाला चालत असेल. माझं पोट कानावर आहे.”

हा माणूस शहरभरातले पियानो जुळवायचा. तार केसाएवढी उतरली तरी शेजारच्या खोलीतून सांगायचा. खरं नाव कुणाला आठवतही नव्हतं, सगळे कानवालेच म्हणत. त्यांच्याशी आवाजावरून हुज्जत घालणं म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवणं. दुकानदाराने त्याच फोनचा दुसरा पीस काढून दिला.

दुकानदार जुना ओळखीचा, म्हणून आठवडाभर दोन फोन घरी वापरून बघायची सोय झाली होती. एक पडद्यावर काडीने लिहायचा तो काडीवाला, एक बटणवाला. आवडेल तो ठेवायचा, दुसरा परत.

निकड होतीच. मोठ्या सभागृहाला पियानोसाठी कायमचा माणूस हवा होता. तिथला व्यवस्थापक स्पष्टच बोलला होता, “पहिलं नाव तुमचं आहे. पण तुमचा फोन लागत नाही आणि दिलेल्या तारखा तुम्ही विसरता. या आठवड्यात फोन करतो. बोलणं झालं नाही, तर दुसऱ्याला विचारेन.” गुडघे कुरकुरत असताना हत्यारांची पिशवी घेऊन लोकांचे जिने चढायचे, त्यातून सुटका होणार होती. हे काम हातचं जाऊ नये, एवढंच कानवाल्यांना हवं होतं. जुना फोन त्यांनी त्याच दिवशी कपाटात टाकला.

आता या दोघांतला कुठला, हे काही केल्या ठरेना.

काडीवाला कामाला पक्का. ऐसपैस पडदा, त्यावर अख्खा महिना दिसायचा. डाव्या हातात फोन, उजव्या हातात काडी, आणि डॉक्टर औषध लिहून देतात त्या थाटात कानवाले त्यावर टिपून ठेवत. कुठे कधी जायचं याची वेळ झाली की तो आपणहून टुणटुण करायचा. त्याच्यामुळे संगीतशाळेची तारीख कित्येक महिन्यांत पहिल्यांदा चुकली नाही. पण फोन आला की पंचाईत. काडी हरवेल या धास्तीने ती मुठीत घट्ट धरून ते नुसते “हॅलो, हॅलो” करत बसत.

बटणवाल्याचं सगळं उलट. उजव्या मुठीत मावायचा, अंगठ्याने चालायचा, आवाज कसा खणखणीत. पण पडदा काडेपेटीएवढा. पुढच्या आठवड्यातली एक तारीख शोधायची तर नाकी नऊ यायचे.

“कामाला हा बरा आणि बोलायला तो,” ते बायकोला म्हणाले. “दोन्ही गुण एकात घालायला काय झालं होतं यांना?”

“नवऱ्यांचंही तसंच असतं,” ती म्हणाली. “मघापासून आमटी वाढू का विचारतेय. साऱ्या गावाचे सूर कळतात, बायकोचं तेवढं ऐकू येत नाही.”

“काय म्हणालीस?”

तिने न विचारता वाढली.

शेवटी त्यांनी मुलीला कामाला लावलं. तिने ऑफिसातून फोन करून आधी एका फोनवर बोलायचं, मग दुसऱ्यावर, तेच वाक्य, त्याच आवाजात.

“काडीवाल्यावर तू पुटपुटतेस,” कानवाले म्हणाले.

“बाबा, दोन्हीकडे घसा ताणून बोलतेय मी. इथे ऑफिसातले लोक वळून बघतायत.”

त्यांनी सिम अदलाबदल करून पाहिलं. खिडकीत उभे राहिले, गच्चीत गेले. मऊ फडक्याने फोनची जाळी पुसली. बदलून आणलेला पीसही तसाच निघाला. बायकोने लावून पाहिला, तिला नीट ऐकू आलं. शेजाऱ्याने लावला, त्यालाही. डोक्याचा पार भुगा झाला. एवढ्या जणांना ऐकू येतं आणि ज्याचा कान तयार, त्यालाच येत नाही, हे कुठलं गणित?

“तुम्ही लोक काहीही चालवून घेता,” त्यांनी निकाल दिला. “हा फोन जन्माचा मुका आहे.”

मन मात्र खट्टू झालं. ते महिन्याचं पान त्यांना फार आवडलं होतं. पण व्यवस्थापकाचा फोन आला आणि ऐकूच आला नाही तर? तारखा काय, बायको लक्षात ठेवेल. सिम बटणवाल्यात घालून काडीवाला परत करायला नवरा-बायको दुकानात गेली.

“ठरलं म्हणायचं एकदाचं,” दुकानदार हसला.

कानवाले उजव्या हाताने काडीवाल्याचं खोकं पुढे करत होते, तेवढ्यात खिशातला बटणवाला वाजला. त्यांनी तो डाव्या हाताने काढून बघितला. सभागृह. घाईघाईने तसाच कानाला लावला.

“हॅलो? हॅलो? जरा मोठ्याने बोला.”

त्यांचा चेहरा उतरला. खोकं हातात तसंच राहिलं.

“हाही गेला,” ते दुकानदाराला म्हणाले. “काल तर चांगला होता. नेमका आजच कसा गेला?”

“अहो, बोलतायत ते,” दुकानदार गोंधळून म्हणाला. “मला इथवर ऐकू येतंय.”

बायकोची नजर त्यांच्या डाव्या कानावर गेली. मग तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, वळसा घालून ती त्यांच्या उजव्या बाजूला आली आणि तो उजव्या कानाला लावला.

“...तर काम तुमचंच,” व्यवस्थापक खणखणीत आवाजात सांगत होता. “दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही आम्ही. तुमच्या कानांवर आमचा डोळे झाकून भरवसा आहे.”