पाचवा कॅमेरा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दगूनानांनी द्वारका चौकाजवळची आपली पिठाची गिरणी उघडली, तर चारही कॅमेऱ्यांत सगळं लालभडक. त्यांनी कॅमेरे बसवणाऱ्या रोहिणीला बोलावलं. तिने मोबाइलवर ‘शोधा’ दाबताच नेटवर्कवरचे कॅमेरे आपोआप सापडत गेले. “नाना, पाच दाखवतंय.” “पाच? मी चारच घेतलेत! कुणीतरी हॅक केलं आपल्याला!” तेवढ्यात पत्नी सिंधूबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि काचांवरचं कुंकू पुसू लागल्या. “काल यंत्रांची पूजा केली, दिवसभर सुट्टी दिली सगळ्यांना.” रोहिणीने पाचवा कॅमेरा उघडला. चित्र लख्ख होतं: चक्कीमागचा कोनाडा, त्यात पेढ्यांचा अर्धा पुडा. डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या नानांना घाम फुटला. “ह्याला नाही लावलं कुंकू?” रोहिणीने विचारलं. फडकं पिळत, नानांकडे बघत सिंधूबाई म्हणाल्या, “सणासुदीला ह्याचंच काम जास्त असतं गं, ह्याला कशी सुट्टी देऊ?”