ठुशीचा दोरा

"दोरा अजून बोटभर वाढवा," म्हणत त्या बाईंनी सुनेची ठुशी माझ्यापुढे ठेवली. "खाऊन खाऊन हिच्या मानेवर चरबी चढलीय."

मी दागिने गाठवते. वर्षभरात ही ठुशी तिसऱ्यांदा आली होती. माप घ्यायला मी सुनेच्या गळ्याभोवती दोरा धरला, तर पुढची सूज हाताला लागली. तिने घाम पुसायला हात वर केला. हात थरथरत होता, आणि बांगड्या घसरून थेट कोपरापाशी गेल्या.

माझं डोकंच सणकलं. "चरबी? मग मनगटाच्या काड्या कशाने झाल्या? अहो, हा थायरॉइड आहे. गळ्यातली एवढीशी ग्रंथी हार्मोन जास्त सोडायला लागली, की खाल्लेलं सगळं जळून जातं, काळीज नुसतं धडधडत राहतं. आधी हिला डॉक्टरकडे न्या!"

"तुम्ही कुठल्या डॉक्टर लागून गेलात? दोऱ्याचं तेवढं बघा."

"नाही वाढवणार." मी ठुशी परत सरकवली. "माझ्या धाकट्या बहिणीचा दोरा मी चार वेळा निमूट वाढवून दिला. पाचव्यांदा तिच्या नवऱ्याने तीच ठुशी आखूड करायला आणली. नव्या बायकोसाठी."