गहाण ठेवलेल्या चपला

"लोला, एकच गाणं. लगेच आणून देतो," परका माणूस तिसऱ्यांदा म्हणाला.

लोला पासिंगने, म्हणजे पासिंग आजीने, बांदुरिया पोटाशी घट्ट धरली. चौदा तारांचं ते वाद्य तिच्या मेलेल्या नवऱ्याचं. चार वाजता सान रोके या संताची मिरवणूक निघायची होती. गावाच्या बारा वाद्यांत सुरुवात हिचीच असायची. बाकीची अकरा चॅपलमागे आंब्याखालच्या चटईवर होती आणि वादक शेजारी पान्सितच्या शेवया खात बसले होते.

मागच्या सणाला शेजारच्या गावाने अशाच एका परक्याला गिटार दिली. ती अजून परतायची आहे.

"माझ्या बांदुरियाची मान बसमध्ये मोडली हो. चौकातल्या मंचावर नाव पुकारलंय. सणाच्या दिवशी वादकाला नाही म्हणता?"

घोडं अडत होतं ते तिथेच. सणाला वादकाला नकार देणं म्हणजे संतालाच दारातून हाकलणं.

"चपला काढ," ती म्हणाली.

उसनं नेणाऱ्याने चपला गहाण ठेवायच्या, ही जुनी रीत. त्याने त्या काढून दिल्या आणि बांदुरिया घेतली.

"अनवाणी पळून पळून कुठवर पळेल?" म्हातारा तुरिंग हसला.

लोला हसली नाही. "दात काय काढतोस? उठा सगळे. मंचाला वेढा घाला. नजर हलली तर याद राखा!"

"खुशाल बघा," परका म्हणाला. "मलाही बरं वाटेल."

ताटं टाकून सगळे चौकात गेले. एका गाण्याची तीन झाली. चॅपलमागे कुणीतरी टेम्पो मागेपुढे करत होतं, त्या घरघरीत लोलाला सूरही धड ऐकू येईनात. चपला तिने छातीशी धरल्या होत्या.

तो मंचाच्या मागच्या बाजूने उतरला. दिसेनासा झाला.

मग तो समोरच उभा राहिला. दोन्ही हातांनी त्याने बांदुरिया परत दिली, आशीर्वादासाठी वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला. एक तारसुद्धा उतरली नव्हती.

लोलाला लाज वाटली. "उगाच संशय घेतला रे बाबा."

"घ्यावा, लोला. दिवसच तसे आहेत." त्याने चपला घातल्या आणि रमतगमत निघून गेला.

"चला, चार वाजत आले," तुरिंग म्हणाला.

ते आंब्याखाली आले. ताटांवर माश्या बसल्या होत्या. चटई रिकामी होती.

गावाच्या बारा वाद्यांपैकी एकच उरलं होतं. परक्याला दिलेलं.