गेनूमामांचं नाक

"मामा, वास येतोय का?"

सौरघटासाठी कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण बनवताना माझी विद्यार्थिनी हर्षदा सारखं विचारायची. त्यात लागणाऱ्या विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूचा अलार्म बंद पडला होता. वायू गळला की सडक्या अंड्यांचा वास येई. आमची नाकं त्याला सरावलेली. लॅब अटेंडंट गेनूमामांचं नाक मात्र तिखट.

त्या दुपारी दारातूनच मामा म्हणाले, "नाही हो ताई, करा खुशाल," आणि चहा आणायला गेले.

मी जेवून आलो तेव्हा हर्षदा फरशीवर निपचित पडली होती.

शवागाराबाहेर मामांनी माझे पाय धरले. "सर, करोना झाल्यापासून मला कसलाच वास येत नाही. सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतंत?"

पोलिसांना मी मामांचंच नाव सांगितलं. अलार्मच्या दुरुस्तीचा अर्ज वर्षभर माझ्याच ड्रॉवरमध्ये सहीवाचून पडून होता.