बाबा टाकीत बसले

लेक घडाघडा वाचत होती आणि शिवणकाम करणारी तिची आई मशीन चालवता चालवता मनातल्या मनात शाळेतल्या बाईंशी भांडत होती. "मुलीला वाचता येत नाही," बाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "असंच राहिलं तर पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल." आता या म्हणावं, आणि ऐका.

"ससा तळ्यावर आला. पाणी पाहून हसला."

दोरा संपला म्हणून आईने मान वर केली. उघड्या पानावर हत्ती होता. ससा त्याच्या पुढच्या पानावर.

मशीन थांबलं.

"बाळा, 'ससा' कुठे लिहिलंय? बोट ठेव बघू."

बोट पानभर फिरलं आणि हत्तीच्या सोंडेवर येऊन अडकलं. "मला नाही येत," लेक हळूच म्हणाली. "तू वाचून दाखवतेस ना, ते पाठ होतं माझं."

म्हणजे बाई खरं बोलत होत्या. आईला एक धपाटा घालावासा वाटला. पण सहा वर्षांच्या पोरीने मान इतकी खाली घातली होती, की हात उठेना.

तिने पुस्तक मिटून ठेवलं. मशीनवरची काळी पॅन्ट फरशीवर पसरली, कापडावर खुणा करायचा पांढरा खडू घेतला आणि लिहिलं, 'बस'.

"ब... स. बस!"

"बाबा काय चालवतात?"

"बस!"

मग 'बटण'. मग 'काका', 'टाका', 'टाकी'. एक अक्षर चुकलं की आई तळहाताने पुसायची आणि पुन्हा काढायची. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं, तरी पॅन्टचा एक पाय भरला, दुसरा भरत आला. पोरगी वाचत होती की आईच्या तोंडाकडे बघून ओळखत होती, कोण जाणे. आईने जरा विचार केला आणि पाठमोरं बसून एक आख्खं वाक्य लिहिलं.

"बाबा खुर्चीत बसले," लेकीने ठोकून दिलं.

"अंदाज नको. अक्षरं बघ."

लेक वाकली. नाक कापडाला टेकायचं बाकी होतं. "बाबा... टा... की... त..." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून आली. "टाकीत?" तिने वैतागून वर पाहिलं. "आई, चुकलीस तू! बाबा टाकीत कशाला बसतील?"

आईला हसू फुटलं, ते आवरेचना. हसता हसता डोळे पुसले, तर गालाला खडू लागला.

"कोण टाकीत बसलंय?" सकाळची पाळी करून आतल्या खोलीत आडव्या झालेल्या बाबांनी विचारलं.

"तुम्ही!" लेक ओरडली. "इथे लिहिलंय!"

मग ती आईला खेटून बसली आणि खडू तिच्या हातात कोंबत म्हणाली, "अजून लिही. पण खोटंच लिही हं."

आईने पॅन्ट उलटी केली.